वय ६७, घड्याळात १६६ ठोके: किती घाबरायचं?

बडोद्यातल्या मांजलपूरहून एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी विचारलं आहे. वय ६७. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनची एक गोळी, साखर काठावर, बाकी तब्येत ठीक. रोज सकाळी कमाटीबागेत पाऊण तास भरभर चालतात. लेकीने वाढदिवसाला मनगटावर बांधायचं घड्याळ दिलं. थंडीत चार मित्र मिळून पावागडाला गेले, रोप-वेला लांब रांग होती म्हणून माचीपासून पायऱ्यांनी निघाले. वरच्या टप्प्यात घड्याळाने १६६ ठोके दाखवले आणि आकडा लाल झाला. ‘२२० वजा वय म्हणजे माझी मर्यादा १५३. मी तेरा ठोके वर गेलो. मित्र म्हणतात, इंजिन जाळशील. त्यातला एक ७१ वर्षांचा आहे, त्याचे ठोके ११५च्या वर जातच नाहीत. तो म्हणतो, बघ माझं हृदय तुझ्यापेक्षा मजबूत. चढ बंद करू का?’

काका, नुसता १६६ हा आकडा पाहून मी तुमचा चढ बंद करणार नाही. तुमच्या ७१ वर्षांच्या मित्राचे ११५ मला त्यापेक्षा जास्त विचारात टाकतात. त्यांच्याकडे नंतर येतो, आधी त्या १५३चं बघू.

‘२२० वजा वय’ हे सूत्र जिममधल्या भिंतीवर, ट्रेडमिलच्या पट्टीवर, घड्याळात, सगळीकडे असतं. त्यामुळे ते कुठल्यातरी मोठ्या संशोधनातून निघालं असेल असं वाटतं. तसं नाही. १९७१ साली फॉक्स, नॉटन आणि हास्केल या अमेरिकन संशोधकांनी व्यायाम आणि हृदयविकार यांवर एक लेख लिहिला. त्यासाठी आधीच्या काही अभ्यासांतले आकडे त्यांनी आलेखावर मांडले आणि ठिपक्यांमधून ढोबळ रेषा काढली. एवढाच त्याचा जन्म. पुढे २००२ मध्ये रॉबर्ग्ज आणि लँडवेअर या दोघांनी या सूत्राचा माग काढला, तर त्याच्यामागे स्वतंत्र संशोधन असं काही सापडलंच नाही. पण तोंडी हिशेब करता येतो, म्हणून टिकलं. आम्ही डॉक्टरही ते वापरतो आणि टीएमटीच्या, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासायच्या चाचणीच्या, मशीनमध्येही बहुतेक ठिकाणी तेच भरलेलं असतं, हे प्रांजळपणे सांगायला हवं.

नंतरची सूत्रं जास्त माणसांवर बेतलेली आहेत. हिरोफुमी तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ३५१ अभ्यासांतल्या १८,७१२ निरोगी माणसांचे आकडे एकत्र केले. त्यातून निघालं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. तुमच्यासाठी ६७ गुणिले ०.७ म्हणजे ४६.९, म्हणून कमाल ठोके साधारण १६१. नॉर्वेत २०१३ साली ३,३२० निरोगी लोकांना प्रत्यक्ष दमेपर्यंत पळवून मोजलं, त्यांचं सूत्र २११ वजा वयाच्या ०.६४ पट. त्याप्रमाणे तुमचे १६८. एकाच माणसाला तीन सूत्रांनी तीन उत्तरं: १५३, १६१, १६८. तुमचे १६६ यांतल्या शेवटच्याच्या आत बसतात.

जुनं सूत्र आणि तानाकांचं सूत्र चाळिसाव्या वर्षी अगदी एक होतात, दोन्हींत १८० येतात. तिथून पुढे फाटा फुटतो. साठी-सत्तरीच्या माणसाला जुनं सूत्र कमी आकडा देतं, आणि वय वाढेल तशी तूट वाढते. ऐंशीला जुन्यात १४०, नव्यात १५२. म्हणजे ज्या वयात माणूस या आकड्याला सगळ्यात जास्त घाबरतो, त्याच वयात तो आकडा सगळ्यात जास्त चुकतो.

आणि सूत्र कितीही चांगलं असलं तरी ते सरासरीच सांगणार. एकाच वयाच्या निरोगी पुरुषांत कमाल ठोक्यांचा फरक दोन्ही बाजूंना दहा-बारा इतका सहज असतो. तानाकांचे १६१ मध्यावर धरले, तर ६७ वर्षांच्या दर तिघांतले दोघे साधारण १५० ते १७२च्या दरम्यान असतील. उरलेले त्याच्याही बाहेर, काही १४२वर थांबणारे, काही १८०ला टेकणारे, आणि त्यांतल्या कुणालाही आजार असेलच असं नाही. ही ठेवण बरीचशी जन्मजात असते. तेव्हा ‘मर्यादा ओलांडली’ हा शब्दप्रयोगच मला खटकतो. कमाल ठोके म्हणजे तुमचं हृदय पूर्ण जोर लावल्यावर जिथपर्यंत जातं तो आकडा. हृदय १६६पर्यंत गेलं, याचा अर्थ तुमची कमाल निदान १६६ आहे. मर्यादा १५३ असल्याची माहितीच चुकीची होती.

वयाबरोबर हा आकडा उतरतो का, हे लोक विचारतात, कारण बऱ्याच जणांना वाटतं की व्यायाम सुटला म्हणून उतरला. मुख्य कारण हृदयाच्या उजव्या कप्प्यात वर बसलेली ठोके देणारी गाठ. तिथल्या पेशी वयाबरोबर कमी होतात, मधे तंतू वाढतात, आणि उरलेल्या पेशींचा विजेचा वेगही मंदावतो. १९७० साली होजे आणि कॉलिसन यांनी औषधांनी मेंदूकडून येणारे दोन्ही हुकूम, वेग वाढवणारा आणि लगाम ओढणारा, तात्पुरते बंद करून हृदय एकटं असताना किती ठोके देतं ते मोजलं. विशीत ते साधारण १०७ येतात, तुमच्या वयाला ८०च्या आसपास. त्यात भर अशी की ॲड्रेनलिनला हृदय देतं तो प्रतिसादही वयाबरोबर थंडावतो. व्यायामाने ही उतरण फारशी थांबत नाही. लहानपणी जुम्मादादा व्यायाममंदिरात जोर-बैठका, मल्लखांब केलेली मंडळी माझ्याकडे येतात. त्यांची छाती आजही भरलेली असते, पण कमाल ठोके त्यांचेही उतरलेले असतात, आणि ते ऐकून त्यांचा चेहरा पडतो.

पडायचं कारण नाही. हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं, हे दोन गोष्टींवर ठरतं: ठोके किती आणि दर ठोक्याला किती रक्त. व्यायाम सुधारतो ती दुसरी बाजू, शिवाय स्नायूंची रक्तातला प्राणवायू खेचून घ्यायची ताकद. रोबेर मार्शां नावाचे फ्रेंच सायकलपटू होते. २०१७च्या जानेवारीत वयाच्या १०५व्या वर्षी त्यांनी तासाभरात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली. १०१ ते १०३ या वयात त्यांच्या चाचण्या झाल्या होत्या. दोन वर्षांच्या सरावाने त्यांची प्राणवायू वापरायची क्षमता किलोमागे मिनिटाला ३१ मिलिलिटरवरून ३५वर गेली, पण कमाल ठोके जवळपास तिथेच राहिले, १३४ ते १३७. गंमत म्हणजे ‘२२० वजा वय’ लावलं तर या गृहस्थांनी ११९च्या वर जायलाच नको होतं. तेव्हा तुमचे १६६ ही बढाई मारायची गोष्टही नाही, हेही तितकंच खरं. ज्याचे १४८ आहेत तो तुमच्यापेक्षा आधी आणि कमी धापा टाकत गडावरच्या कालिकामातेच्या दारात पोचू शकतो.

आता घड्याळ. ते मनगटाच्या कातडीवर हिरवा उजेड टाकतं, रक्ताची लाट आली-गेली की परतणारा उजेड बदलतो, त्यावरून ठोके मोजतं. बसल्या जागी हे छान जमतं. हात हलायला लागला, पट्टा सैल असला, घाम आला, कठडा धरून मनगट दुमडलं, की गडबड सुरू. एक नेहमीची खोड म्हणजे घड्याळ ठोक्यांऐवजी पावलं मोजायला लागतं. कमाटीबागेत तुम्ही भरभर चालता तेव्हा मिनिटाला ११५-१२५ पावलं पडतात. घड्याळही सलग १२० दाखवत असेल तर तो आकडा ठोक्यांचा की पावलांचा, ही शंका घ्या. पावागडाच्या पायऱ्यांवर मात्र मिनिटाला १६६ पावलं तुम्ही टाकत नव्हता, ते शक्यच नाही. म्हणून तुमच्या बाबतीत ही खोड मी जवळजवळ बाद धरतो. पट्टा सरकला असणं अजून शक्य आहे.

खात्री हातानेच करायची. चढावर थांबल्या थांबल्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, दोन बोटं ठेवा. पंधरा नको, दहाच सेकंद मोजा आणि सहाने गुणा, कारण थांबलं की ठोके लगेच उतरू लागतात आणि जास्त वेळ मोजलं तर आकडा कमी येतो. १६६ खरे असतील तर दहा सेकंदांत २७-२८ ठोके लागायला हवेत. मानेवरची नाडी बघायची तर एकाच बाजूची, हलक्या बोटाने. दोन्ही बाजू एकदम दाबल्या तर चक्कर येऊ शकते. मोजताना आकड्याइतकंच लय ऐका. ठोके वेगाने पण एकसारखे पडतात, की दोन लवकर, एक उशिरा, मधेच एक गायब, असे वेडेवाकडे? ही गोष्ट घड्याळाच्या आकड्यात दिसत नाही, बोटांना कळते. साठीनंतरच्या पुरुषांत, रक्तदाबवाल्यांत आणि वर्षानुवर्षं लांब पळणाऱ्यांतही, हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरायला लागण्याचा विकार बराच आढळतो. त्यात ठोके जोरात जातात आणि लय पार विस्कटते. या विकारात रक्ताची गुठळी होऊन लकवा होण्याची भीती असते. म्हणून लय चुकली तर चढाचा विषय बाजूला ठेवा आणि ईसीजी काढा, थकवा उतरायची वाट न बघता.

आता त्या दिवसाचा घड्याळातला आलेख उघडा. लेकीला सांगा, ती फोनवर दाखवेल. माझ्यासारखा माणूस तुमच्या १६६कडे बघायच्या आधी त्या रेषेचा आकार बघतो. माचीला १००, पहिल्या वळणावर ११८, मग १३०, १४५, १५५ आणि शेवटच्या उभ्या चढाला १६६, अशी रेषा चढत गेली असेल तर हृदय काम वाढेल तसं वाढत होतं. सपाटीवर थांबून पाणी प्यायलात तेव्हा ती खाली वाकली असेल तर आणखी बरं. पण १२०वर रमतगमत चाललेली रेषा काही सेकंदांत १६५वर उडी मारते, तिथेच खिळून राहते, तुम्ही बसलात तरी हलत नाही आणि मग तशीच एकदम खाली पडते, असं दिसलं तर ते चढाचे ठोके नव्हेत. ते हृदयातल्या विजेच्या चुकीच्या वाटेचे असू शकतात. तेव्हा छातीत फडफड झाली होती का, घसा भरून आल्यासारखं झालं होतं का, हेही आठवा.

उतरण तर मला चढणीपेक्षाही जास्त सांगते. १९९९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ट्रेडमिलवरून पूर्ण जोर लावून झाल्यावर हळू चालत असताना पहिल्या मिनिटात ठोके १२ किंवा त्याहून कमी उतरले, त्या लोकांत पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण ठळकपणे जास्त निघालं. कारण सोपं आहे. श्रम थांबले की मेंदूकडून लगाम ओढला जातो, आणि तो लगाम किती पटकन लागतो यावर शरीराची तंदुरुस्ती दिसते. कमाटीबागेत शेवटची दोन मिनिटं जोरात चाला, आकडा बघा, मग रेंगाळत चालत एक मिनिटाने पुन्हा बघा. वीस-पंचवीस उतरले तर छान. एखाद्या दिवशी कमी उतरले म्हणून घाबरू नका, अपुरी झोप, ताप, चहा, उन्हाळा सगळ्याचा परिणाम होतो. पण नेहमीच दहा-बारावर अडकत असेल तर डॉक्टरांना सांगण्याजोगी गोष्ट आहे.

तुमच्या मित्राकडे येतो. चढ चढून धाप लागली आणि तरी ठोके ११५च्या पुढे गेले नाहीत, याची कारणं तीन-चारच असतात. पहिलं औषध. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल ही बीटा ब्लॉकर मंडळी कमाल ठोके वीस-तीसने सहज खाली ठेवतात. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, आयव्हाब्रॅडीन यांचंही तेच. तुमची टेल्मिसार्टन किंवा अनेकांना असते ती ॲम्लोडिपीन ठोके दाबत नाही. एक औषध मात्र हमखास सुटतं. ‘दुसरं काही घेता का?’ विचारलं की माणूस नाही म्हणतो, आणि निघताना बायको म्हणते, ‘अहो, ते डोळ्यात टाकता ते?’ काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंब. डोळ्यातून नाकात, नाकातून रक्तात जातात आणि नाडी मंद करतात. डोळ्याचं औषध हृदयाला लागू पडेल हे कुणाच्या ध्यानात येत नाही, त्यात त्यांचा काय दोष.

असली औषधं असतील तर ११५ अपेक्षितच आहेत, त्यात ना मजबुती ना कमजोरी. फक्त ‘ठोके वाढत नाहीत’ म्हणून गोळी मनाने बंद करू नका असं त्यांना बजावा. बीटा ब्लॉकर एकाएकी सोडली तर रक्तदाब उसळतो, छातीत दुखू शकतं, क्वचित झटकाही येतो.

औषध नसेल तर विचार करायला हवा. पूर्ण जोर लावूनही ठोके वाढतच नाहीत, असा एक प्रकार आहे. त्याची मोजदाद अशी: आरामातले ठोके समजा ७०. वयाच्या जुन्या सूत्राने त्यांची कमाल १४९. मधली जागा ७९. त्यांनी प्रत्यक्षात वापरली ११५ वजा ७०, म्हणजे ४५. ही ५७ टक्के झाली. ८० टक्क्यांच्या खाली आली तर आम्ही कान टवकारतो. यामागे ठोके देणारी गाठ थकलेली असू शकते, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असू शकतो, किंवा जुना मधुमेह नसांना लागलेला असू शकतो. त्या नसांच्या बिघाडात आरामात ठोके जास्त आणि श्रमात वाढ कमी, असं उलटं चित्र दिसतं. अर्थात तुमचे मित्र दर दहा पायऱ्यांना बसत गेले असतील आणि त्यांनी जोर लावलाच नसेल, तर हा सगळा हिशेब गैरलागू. हे त्यांनाच विचारा.

तपासणी कुणी करावी? तुम्हाला त्रास काही नव्हता, रोजचं चालणं आहे, तरी वय, रक्तदाब आणि काठावरची साखर तिन्ही आहेत, आणि पायऱ्यांचा चढ हा तुमच्या रोजच्या चालण्यापेक्षा बराच वरचा व्यायाम आहे. एकदा डॉक्टरांना भेटा, ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) काढा, ते म्हणाले तर टीएमटी. आधी छातीला नळी लावून झडपेचा आवाज ऐकून घेणं महत्त्वाचं. म्हातारपणी महाधमनीची झडप आवळत जाते, आणि ती फार आवळलेली असून त्रासही सुरू झालेला असेल तर टीएमटीच धोक्याची. चढताना डोळ्यांपुढे अंधारी येणं ही तिची जुनी खूण आहे.

टीएमटीबद्दल दोन गोष्टी, कारण लोक तिथे परीक्षेसारखे जातात. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३च्या सुमारास बसवलेली पद्धत आजही चालते: दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि दहा टक्के चढ, मग ४ आणि बारा टक्के, मग ५.५ आणि चौदा टक्के. तिसऱ्या टप्प्याला आपले काका लोक समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरतात आणि अंगाचा भार त्याच्यावर टाकतात. मग पायांचं काम कमी होतं, मिनिटं जास्त टिकतात, आणि अहवालात क्षमता आहे त्यापेक्षा मोठी छापून येते. तोल जाईल असं वाटलं तर दोन बोटं टेकवा, बस. चपलेवर जाऊ नका, बूट घाला. दुसरं, अपेक्षित कमालीच्या ८५ टक्के ठोके झाले की ‘झालं, पास’ म्हणून मशीन थांबवायची घाई काही ठिकाणी असते. तुमच्या बाबतीत ते १३० होतात. पावागडावर तुम्ही १६६ला गेला होता, मग १३०ला थांबवून काय कळणार? त्रास नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर ‘मी दमेपर्यंत चालतो’ असं आधीच सांगून ठेवा. बीटा ब्लॉकर असेल तर चाचणीआधी ती घ्यायची की नाही, हे चाचणी लिहून देणाऱ्यांनाच विचारायचं. आणि टीएमटी चांगली आली म्हणजे पुढची दहा वर्षं बिनघोर, असा त्याचा अर्थ होत नाही. रक्तवाहिनीतला लहानसा थर फुटून झटका येतो, तो थर चाचणीत दिसेलच असं नाही.

रोजच्या व्यायामासाठी आकडा हवाच असेल तर फिनलंडच्या मार्टी कार्व्होनेन यांची १९५७ची रीत बरी. सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच नाडी मोजा, समजा ६८. कमाल १६६ धरली तर मधली जागा ९८. तिच्या ४० ते ५९ टक्के म्हणजे मध्यम व्यायाम: १०७ ते १२६. कमाल १५३ धरली असती तर १०२ ते ११८ आले असते. फरक बघा, एवढ्यासाठी रोज घड्याळ चोळत बसायची गरज नाही. मी बहुतेकांना बोलण्याची कसोटी देतो. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं पण आरती म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. आरती खुशाल म्हणता येत असेल तर जरा पाय उचला. तीन शब्दांत धाप लागत असेल तर तो जोराचा व्यायाम, तो रोज पाऊण तास नको, दोन-चार मिनिटांचे तुकडे पुरेत. बीटा ब्लॉकरवाल्यांना तर ठोक्यांचे आकडे देण्यात अर्थच नाही, त्यांनी याच कसोटीने जावं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तुमचा पाऊण तास रोजचा धरला तर तुमचं तेवढं होतंच. स्नायूंसाठी आठवड्यातून दोन दिवस काही करत नसाल तर ते सुरू करा. पण वजन उचलताना श्वास कोंडू नका. ठोके ११०च राहतात आणि रक्तदाब भलताच वर जातो, घड्याळाला त्याचा पत्ताही लागत नाही. बंद पडलेली स्कूटर ढकलताना हेच होतं.

बडोद्याच्या उन्हाळ्याचंही लक्षात असू द्या. मे महिन्यात पारा ४२-४३ला जातो तेव्हा त्याच वेगाला ठोके दहा-पंधराने जास्त येतात, कारण रक्त कातडीकडेही पाठवावं लागतं आणि घामाने त्याचं प्रमाण कमी झालेलं असतं. तेव्हा वेग कमी करायचा, आकडा गाठायचा नाही. सहा वाजता निघा. परतताना सेव-उसळीच्या गाडीवर थांबायचं असेल तर माझी हरकत मिठाला आहे, ठोक्यांना नाही.

चढून झाल्यावर धपकन बसू नका, दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे चाला. पायांतलं रक्त पायांतच साचलं तर घेरी येते. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांना हे जास्त होतं, आणि तुमच्या चौकडीत कुणीतरी ती घेत असणारच.

आकडा कितीही असो, ज्या वेळी थांबायचंच ती वेळ ही: छातीवर दडपण, जबडा, खांदा किंवा डावा हात भरून येणं, नेहमीच्या चढाला न लागणारी धाप, गार घाम, अंधारी. आपल्याकडे एक शब्द फार घातक आहे, ‘गॅस’. चढताना छातीच्या मध्यभागी जळजळ होते, थांबलं की पाच मिनिटांत जाते, पुन्हा चढलं की पुन्हा येते, तर तो गॅस नाही. गॅसला चढ-उतार कळत नाही. ती रक्तवाहिनीतल्या अडथळ्याची खूण धरा, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. थांबूनही गेली नाही तर १०८ लावा, रिक्षा शोधत बसू नका. मधुमेह असलेल्यांना छातीत दुखतच नाही असंही होतं, नुसती धाप आणि घाम. काठावरची साखर पलीकडे गेली तर हे वाक्य आठवा.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाल तेव्हा पावागडाच्या दिवसाचा आलेख फोनवर उघडून न्या, आणि औषधांची यादी, थेंब-मलमांसकट. मित्रालाही बरोबर घ्या, खरं तर त्यांचा नंबर तुमच्या आधी लावा. हाताने मोजलेले ठोके आणि घड्याळाचे ठोके जुळतात हे दोन-तीनदा बघून झालं आणि डॉक्टरांनीही हिरवा कंदील दिला, की लेकीला सांगून घड्याळाच्या सेटिंगमध्ये कमाल ठोक्यांच्या जागी १५३ काढून १६६ टाकून घ्या. ती जागा हाताने भरता येते, बहुतेकांना माहीतच नसतं.